घोडी दुसऱ्या कुणाला दूध देत नाही

बुरूलच्या घोट्याचं हाड मोडलं त्याला तीन आठवडे झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत तिच्या नवऱ्याने, तोक्तोसूनने, "दुखतंय का?" असं एकदाही विचारलं नव्हतं. "घोड्या आटतायत," एवढंच तो ऐकवत होता.

गावातल्या डॉक्टरने प्लास्टर घालताना बजावलं होतं, दीड महिना या पायावर भार नको, हाड वाकडं जुळलं तर जन्माची लंगडशील. पण उन्हाळी कुरणावर दर दोन तासांनी घोड्यांची धार काढावी लागते, तीही एक गुडघा टेकून, दुसऱ्यावर बादली तोलून. काल नवऱ्याच्या किरकिरीला कंटाळून ती दोनदा तशी बसली. आज पाय प्लास्टरमध्ये मावत नव्हता.

"चल गं, वेळ झाली," तोक्तोसून तंबूच्या दाराशी येऊन म्हणाला.

"मी नाही येणार."

"मग कुमिस आंबवायला दूध कुठून आणू? मी जवळ गेलो की घोडी लाथ घालते. तुझ्याशिवाय ती कुणाला दूध देत नाही."

"माझा कोट घाला, डोक्याला माझा रुमाल बांधा. तिला माझा वास आला म्हणजे झालं."

"मी बायकी कपडे घालू? लोकांना तोंड कसं दाखवू?"

बुरूलच्या डोक्यात तिडीक गेली. "तुम्हाला तोंड दाखवता यावं म्हणून मी पाय घालवू? सोडा मग घोड्या मोकळ्या! शिंगरं तरी पोटभर पितील!" तिने कोट आणि रुमाल त्याच्या अंगावर भिरकावले.

शेजारच्या तंबूतली रखात आजी सगळं ऐकत उभीच होती. "घाल रे बाबा," ती म्हणाली. "शोभून दिसशील."

कुबडीवर रेलून बुरूल दारातून बघत राहिली. कोट त्याच्या खांद्यावर टरकन उसवला. शिंगराला जरा पाजून त्याने बाजूला ओढलं आणि गुडघा टेकला. तांबड्या घोडीने मान वळवून रुमाल हुंगला आणि गपचूप उभी राहिली. बादलीत धार वाजू लागली.

"देतेय! अगं, जमलं मला!" तो आनंदाने ओरडला.

रखात आजी हसून हसून खाली बसली. बुरूलला हसू येईना. तिची आई गेली तेव्हाही उन्हाळाच होता. घोड्या आटतील म्हणून त्याने तिला आईच्या मातीला जाऊ दिलं नव्हतं. लेकीने गायचं शोकगीत तिच्या जागी बसून परक्या बायांनी गायलं होतं.

"जमलं ना?" ती कुबडी आपटत ओरडली. "मग त्या दिवशी का नाही जमलं?"