गुळव्याचा हात

"आंधळा हाईस काय रं, जनावरा!" म्हणत सयाजी गुळव्यानं पाक ढवळायच्या फावडीचा दांडा शिवमूर्तीच्या पाठीत घातला.

शिवमूर्ती दोन लेकरांचा बाप, पण पंचगंगेकाठच्या त्या गुऱ्हाळात अजून शिकाऊच. सयाजी त्याचा वस्ताद आणि वस्तादाची शिकवण म्हणजे रट्टे. रसावरची मळी राहिली, रट्टा. आच वाढली, रट्टा. सगळं चोख झालं तर उद्याच्या चुकीचा आगाऊ एक! पाकाला मात्र हात लावू देत नव्हता. गार पाण्यात हात बुडवून तो उकळत्या पाकात घालायचा, गोळी वळून बघायची आणि पाकाची काहील चुलाणावरून उतरवायला सांगायचं, हा मान गुळव्याचा. त्या मानासाठी शिवमूर्ती मार खात होता. नाहीतर असल्या खाष्ट म्हाताऱ्याला कोण विचारतो!

म्हाताऱ्याचे डोळे मोतीबिंदूनं गेले होते. हे एकट्या शिवमूर्तीला ठाऊक. मालकाला कळलं असतं तर म्हातारा त्याच दिवशी घरी बसला असता. म्हणून पाण्याची बादली रोज त्याच्या उजव्या हाताशी ठेवायची आणि तोंड शिवून राहायचं.

त्या दुपारी कुणा शहाण्यानं त्याच बादलीत काहिलीतली कढत मळी ओतली. सयाजीचा हात सवयीनं खाली बादलीकडं निघाला. शिवमूर्तीनं झेप घेऊन म्हाताऱ्याला ढकललं, तसा तो चिपाडांत उताणा पडला.

"वस्तादावर हात टाकतोस, भाड्या?" चुलाणावरचे गडी धावून आले.

"हाणा त्याला! जित्ता सोडू नगा!" सयाजी पडल्या पडल्या ओरडला.

लाथा बसल्या. ओठ फाटला. कुणीतरी जाळ ढोसायची सळई घातली आणि शिवमूर्तीचं उजवं मनगट कडकन मोडलं. "माझा उजवा!" तो किंचाळला. एका वाक्यात सुटला असता बिचारा, पण ते वाक्य त्यानं रक्ताबरोबर गिळलं.

सयाजी धडपडत उठला. त्याची बोटं बादलीला लागली, चटका बसला. त्यानं वाकून वास घेतला. मळी!

"थांबा रं!" तो ओरडला. "ताजं पाणी आणा. शिवमूर्ती, उजवा मोडलाय न्हवं? डावा आण."

त्यानं स्वतः शिवमूर्तीचा डावा हात पाण्यात बुडवला. "घाल."

म्हाताऱ्याच्या तोंडावर थुंकावं की त्याच्या गळ्यात पडून रडावं, शिवमूर्तीला कळेना. त्यानं पाक घेतला, पाण्यात धरून गोळी वळली.

"उतरा," तो म्हणाला.

गडी सयाजीकडं बघत राहिले.

"माझ्याकडं काय बगताय? गुळव्या सांगतोय न्हवं, उतरा की!"

आणि दोन्ही हात पुढं धरून, सगळ्यांच्या देखत चाचपडत, म्हातारा दार शोधायला लागला.