हीनाच्या टोपलीतली अंडी

तेलगावच्या बाजारात जाकीरच्या हातचा आंबा डोळे झाकून घ्यावा, असं लोक म्हणत. पेंढ्याच्या आढीत पिकायला घातलेला आंबा न् आंबा तो रोज उलटायचा. त्यामुळे सिंदफणा नदीच्या वाळूत ट्रॅक्टरच्या चाकानं उघडी पडलेली मगरीची अंडी दिसली, तेव्हा फॉरेस्टवाल्यांना कळवायचं सोडून पठ्ठ्यानं ती दोन टोपल्यांत भरली, वर गवत घातलं आणि आढीच्या खोलीत आणून ठेवली. हुशार माणसाला विचारायची लाज वाटते, दुसरं काय!

"कोंबडी बी अंडी उलटवतीच की," तो म्हणाला. मोठी टोपली त्यानं स्वतःकडे घेतली, छोटी आपल्या अकरा वर्षांच्या लेकीकडे, हीनाकडे दिली. "रोज एकेक उलटवायचं. इसरायचं न्हाई."

हीना विसरली नाही, घाबरली. आत मगर आहे या विचारानंच तिचा हात गवताला लागेना. रोज अब्बा विचारायचे, "उलटवली?" आणि रोज ती म्हणायची, "हो." महिनाभर हेच चाललं. आपल्यामुळं पिल्लं मरणार, असंच तिला वाटत होतं.

मग एके दिवशी मोठ्या टोपलीला वास येऊ लागला. तेव्हा कुठे जाकीरनं वनरक्षक शहादेवला फोन केला.

शहादेव आला तो ओरडतच आला. पण आपण अंडी किती निगुतीनं उलटवली हे जाकीर सांगू लागला, तसा तो मोठ्या टोपलीशेजारी खाली बसला.

"जाकीरभाई, कोंबडीचं येगळं. मगर अंडी घालती, वाळूनं झाकती, जवळ बसून राखण करती, पर एकाला बी हलवत न्हाई. आतलं पिल्लू वरच्या कवचाला चिकटलेलं असतं. उलटं केलं की मरतं. दोन्ही टोपल्या उलटवल्या का?"

"रोज," जाकीर म्हणाला.

हीना दाराशी उभी राहून ऐकत होती. गप्प राहिलं तर छोटी टोपलीही वाया गेली म्हणून टाकून देतील. बोललं तर मोठीतली सगळी अब्बांनी मारली, असा अर्थ होईल. अब्बांनी, रोज पहाटे उठून.

"मी न्हाई उलटवली," ती म्हणाली. "लई भ्याव वाटायचं. मी खोटं बोलले, अब्बा."

शहादेवनं छोट्या टोपलीवर वाकून घशातून बारीक आवाज काढला, मगरीच्या पिल्लासारखा. गवताखालून लगेच उत्तर आलं. क्यँव, क्यँव.

"भाईर यायच्या आधी आतूनच आईला हाका मारतेत," शहादेव म्हणाला. "ती ऐकून वाळू उकरती, आन् तोंडात धरून पाण्यात नेती."

हीनाला हसू आलं, आणि ते तिनं तिथंच गिळलं. जाकीर मोठ्या टोपलीपाशी उकिडवा बसला होता. वास नाकाला झोंबत असताना तो खाली वाकला आणि जमेल तसा तोच आवाज त्यानं काढला. थांबला. पुन्हा काढला.