पुढचं वजन

दर हंगामाच्या पहिल्या दिवशी मोतीरामच्या शेडमधला वजनकाटा तपासला जायचा. त्यासाठी शिक्क्याची वजनं लागतात, असं कायदा म्हणतो. मोतीरामकडे चिमाजी होता. नारळ फुटला की चिमाजी काट्यावर चढायचा, काटा थरथरत एकशेबारावर थांबायचा आणि मग काटा बरोबर आहे असं ठरवून बायका द्राक्षाच्या पेट्या भरायला बसायच्या.

"चपला तरी काढ," मोतीराम दरवर्षी म्हणायचा.

"मी चपलेसकटच एकशेबारा हाय," चिमाजी म्हणायचा. "मधेच काढल्या तर तुझा काटा गोंधळल."

चिमाजी हा मोतीरामचा शेजारी आणि चौथीपर्यंतचा वर्गबंधू. द्राक्षबाग ही बेताच्या माणसांसाठी केलेली गोष्ट आहे. मांडवाखाली वाकून चालावं लागतं, आणि चिमाजी एकदा वाकला की त्याला सरळ करायला दुसरा माणूस लागायचा. म्हणून तो शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सल्ले द्यायचा. चार हंगामांत तीन खुर्च्या गेल्या. सल्ले टिकले, पण त्यांचा उपयोग कुणालाच झाला नाही. हे चिमाजीला कळत होतं. त्यावर तो स्वतःच सगळ्यांच्या आधी हसून घ्यायचा.

नव्व्याण्णव साली मोतीरामची द्राक्षं परदेशी जायला लागली, आणि पेट्या डोक्यावरून न्यायच्या ऐवजी लाकडी पॅलेटवर रचून कंटेनरमध्ये चढवायचं ठरलं. त्याला फोर्कलिफ्ट लागते. पण शेडपुढचं अंगण काळ्या मातीचं. बारक्या चाकांची ती गाडी तिथे कमरेपर्यंत रुतली असती. मोतीरामकडे अठरा हॉर्सपॉवरचा एक छोटा ट्रॅक्टर होता, वेलींच्या रांगांमधून फिरण्यापुरता. थोराड म्हशीशेजारी उभा केला तर लोक आधी म्हशीकडे बघायचे. त्याच्याच मागे पॅलेट उचलणारे काटे बसवायचे, असं फाट्यावरच्या खाजा मिस्त्रीने ठरवलं.

खाजा मूळचा येवल्याचा. घरात पैठणीचे माग. तो लोखंडात शिरला, पण हात रेशमाचाच राहिला. वेल्डिंग केसभर वाकडं गेलं तरी तोडून पुन्हा करायचा. सातपूरच्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर तीन दिवस उभं राहून त्याने आतली फोर्कलिफ्ट बघून घेतली, आणि दीड महिन्यात ट्रॅक्टरच्या मागे दोन उभे खांब, साखळी, हायड्रोलिकचा दट्ट्या आणि खाली दोन लांब काटे असं सगळं उभं केलं.

चाचणीला गाव लोटलं. सगळे मागच्या बाजूला. चिमाजीच्या मागे उभं राहिलं तर काहीच दिसत नाही, म्हणून लोकांनी त्याला हाकलत हाकलत ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला काढलं. पुढे बसण्याजोगी एकच जागा होती, ट्रॅक्टरचा बंपर. तो तिथे जाऊन टेकला. मोतीरामने दांडा ओढला. सहाशे किलोचा पॅलेट अलगद वर गेला. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले, खाजाच्या गळ्यात हार पडला.

दुसऱ्या दिवशी कंटेनर दारात आला. मोतीरामने दांडा ओढला. पॅलेट जागचा हलला नाही, ट्रॅक्टर हलला. पुढची दोन्ही चाकं वर उचलली गेली, आणि मोतीराम कंटेनरऐवजी आकाशाकडे बघू लागला.

खाजाने तीन तास प्रत्येक जोड पुन्हा मोजला. सगळं बरोबर होतं. "कल तो उचलला होता, मोतीभाऊ. याच काट्याने उचलला होता."

"काल काय येगळं होतं?"

दोघं ट्रॅक्टरकडे बघत उभे राहिले. मग दोघांची नजर एकदमच बंपरवर गेली.

चिमाजी सकाळीच नाशकात इंदिरानगरला लेकीकडे गेला होता. मोतीरामने फोन लावला.

"कोण गेलं?" चिमाजीने पहिलं हेच विचारलं.

"कुणी नाय गेलं. तुझं वजन पायजे. लगेच ये."

पन्नाशी उलटेपर्यंत त्या माणसाला असं कुणी म्हटलं नव्हतं. मिळेल त्या एसटीने तो परत आला, बंपरवर बसला आणि चाकं जमिनीला चिकटली.

खाजा म्हणाला, "दोन दिन द्या, पुढे लोखंडाचं वजन लावतो. चिमाआप्पांना तकलीफ नको."

"तकलीफ कुणाला हाय?" चिमाजी म्हणाला. "लोखंड गंजतं. मी बसतो."

अशी ही चूक कायम झाली. खाजाने बंपरवर लोखंडी बैठक केली, धरायला दोन मुठी लावल्या, यशोदाबाईने, म्हणजे चिमाजीच्या बायकोने, तिच्यावर गोधडीची घडी शिवून दिली. चिमाजी बॉनेटला पाठ लावून बसायचा, म्हणजे तोंड रस्त्याकडे. ज्या कामासाठी तो बसला होता ते काम पाठीमागे चालायचं. ते त्याने कधीच पाहिलं नाही. त्याला फक्त बुडाखाली कळायचं. पॅलेट उचलला की बैठक थोडी हलकी व्हायची, खाली ठेवला की पुन्हा जड.

मागून मोतीराम ओरडायचा, "चिमा, बसलास का?"

पुढून उत्तर यायचं, "बसलोय. उचल."

या उत्तराशिवाय मोतीराम दांड्याला हात लावत नसे. चार हंगाम हे असं चाललं. चिमाजीने सल्ले देणं सोडलं. कामाच्या माणसाला तेवढा वेळ नसतो.

दोन हजार तीनच्या जानेवारीत नारळ फुटला, चिमाजी काट्यावर चढला आणि काटा शंभरावर थांबला.

"काटा बिघडला," मोतीराम म्हणाला.

चिमाजीने उतरून काट्याला एक चापट मारली, पुन्हा चढला. शंभर.

त्या दिवशी पेट्या भरणं थांबलं. नाशकातल्या द्वारका चौकातून काटेवाला बोलावला. त्याने वीस-वीस किलोची पाच वजनं मांडली, काटा पाहिला, वजनं उचलली, पुन्हा मांडली.

"काटा बरोबर आहे," तो म्हणाला.

"कसा बरोबर? ह्यो माणूस एकशेबारा हाय," मोतीराम चिडला.

काटेवाल्याने चिमाजीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग माणूस दाखवा कुणाला तरी," तो म्हणाला, आणि वजनं पिशवीत भरायला लागला.

लेकीने नाशकात डॉक्टरला दाखवलं. पोटात गाठ होती. पसरलेली. शस्त्रक्रियेची वेळ गेलेली, असं डॉक्टर म्हणाले, चार-सहा महिने. चिमाजी एसटीतून उतरला तो घरी न जाता थेट शेडमध्ये आला. ही गोष्ट त्याने मोतीरामला अशी सांगितली, जशी कुणाच्या तरी बैलाची सांगावी. मग म्हणाला, "एक सांगतो. हा हंगाम मला पुढंच बसू दे. शेवटचा कंटेनर जाईपर्यंत."

"अरे, घरी पड जरा."

"घरी पडलो तर मी आजारी दिसंन. इथं मी वजन हाय." त्याने बैठकीवरची गोधडी सारखी केली. "लोखंड लावू नको, मोत्या. मी असताना नको."

मोतीराम हो म्हणाला. हो म्हणायला काही लागत नाही. पण फेब्रुवारीच्या मध्याला पॅलेट उचलताना पुढची चाकं चार बोटं वर आली. पाठीमागून सगळ्यांनी पाहिलं. पुढे बसलेल्याला पाहावं लागलं नाही.

"जमीनच वर-खाली हाय इथली," मोतीराम मोठ्याने म्हणाला.

"व्हय," पुढून आवाज आला. "जमीनच तशी."

दुपारी चिमाजी जेवायला आणि पडायला घरी गेला, तेव्हा खाजाने बैठकीच्या खालून, गोधडी लोंबते तिच्या आड, लोखंडाची एक पट्टी जोडली. पंधरा किलोची. पुढच्या आठवड्यात आणखी एक. रंगही जुनाच दिला आणि वर चिखल फासला. इतकं सुबक काम त्याने हाराच्या दिवशीही केलं नव्हतं.

मार्च लागला. चिमाजीच्या गळ्याची हाडं दिसायला लागली, सदरा मात्र पूर्वीसारखाच भरलेला. चाकं जमिनीवर. आणि मोतीरामच्या ध्यानात आलं, की ट्रॅक्टर वळेना. स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं.

"मिस्त्री, किती लोखंड लावलंस?"

"दोन पट्टी. तीस किलो. कसम से."

"मग पुढं एवढं जड कसं?"

"मला काय म्हाईत? माझ्याकडे आणखी एक भानगड हाय," खाजा म्हणाला. "कुणीतरी भंगार चोरतंय. नट, बोल्ट, जुनी बेअरिंगं. चोर पण असा, की चांगली वेल्डिंग मशीन सोडून गंजलेले बोल्ट नेतो."

त्याच संध्याकाळी चिमाजी बैठकीवरून उतरताना झोकांडला. खाजाने पुढे होऊन त्याला कमरेत धरलं आणि हात तसाच ठेवून उभा राहिला.

"सोड की," चिमाजी म्हणाला. "लग्न लावायचंय का?"

खाजाने सोडलं. चिमाजी बांधाने हळूहळू घराकडे गेला, प्रत्येक पाऊल जपून. तो दिसेनासा झाल्यावर खाजा म्हणाला, "चोर सापडला, मोतीभाऊ."

"कोण?"

"सदऱ्याच्या आत पट्टा हाय. कप्पे शिवलेले. माझंच सगळं भंगार. वीसेक किलो असंल." त्याने तळहात पाहिला, जणू त्यावर बोल्टचे ठसे उठले होते. "ज्याला स्वतःचं अंग उचलेना, तो माझं लोखंड उचलून आणतोय."

मोतीराम ट्रॅक्टरच्या चाकावर बसला. मग म्हणाला, "त्याला सांगू, पट्टा काढ म्हणून."

"मग आपण लावलेल्या लोखंडाचं सांगावं लागंल."

सांगणं शक्य नव्हतं. मग खाजाने आपल्या परीने मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी भंगाराच्या ढिगातलं जड सामान त्याने आत नेलं आणि वर हलकं पसरून ठेवलं: पत्र्याचे तुकडे, सायकलीची मडगार्डं, फाटक्या चाळण्या. बैठकीखाली तिसरी पट्टी लागली. त्यानंतर मोतीराम स्टिअरिंगवर मुद्दाम कण्हायचा आणि चिमाजीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "लय जड झालास, चिमा! जरा कमी खात जा!"

पाठमोऱ्या चिमाजीचे खांदे हलायचे. तो हसत होता, असं सगळ्यांनी धरून चाललं.

एप्रिलच्या पाच तारखेला शेवटचा कंटेनर भरला. वीस पॅलेट. वीस वेळा मोतीरामने विचारलं आणि वीस वेळा उत्तर आलं. शेवटची सहा-सात उत्तरं इतकी बारीक होती, की मोतीरामला इंजिन मंद करून ऐकावी लागली. कंटेनरचं दार बंद झालं. गाडी फाट्याकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा चिमाजीने मान मागे वळवून काटे पाहिले. रिकामे होते.

"बरं केलंय रे काम मिस्त्रीने," तो म्हणाला. "आता उतरवा."

दोघांनी उतरवलं. खाजाने कमरेत धरलं नाही, काखेत धरलं.

मे महिन्यात एका सकाळी, अकराच्या सुमाराला, चहा मागून तो यायच्या आत चिमाजी गेला. खांदा द्यायला मोतीराम होता, खाजा होता. तिरडी उचलल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पुढच्या जानेवारीत खाजाने बैठकीच्या जागी लोखंडी पेटी बसवायला घेतली. आत काँक्रीट ओतायचं. काँक्रीट कालवत असताना यशोदाबाई पिशवी घेऊन आली. पायात चिमाजीच्याच चपला, तिला तीन बोटं मोठ्या.

"मिस्त्री, तुमचं लोखंड," तिने पट्टा काढून पुढे धरला. "खताच्या गोणीचा शिवला होता मीच. मी म्हटलं, मिस्त्रींना विचारून घ्या. तर म्हणाले, विचारलं तर ते देतील, आणि दिलं तर त्यांना कळंल."

खाजाने पट्टा घेतला. त्यात बोल्ट होते, बेअरिंगं होती आणि एका कप्प्यात सायकलीचं मडगार्ड दुमडून कोंबलेलं होतं. त्याने तो तसाच पेटीत ठेवला आणि वर काँक्रीट ओतलं.

पेटी वाळली. हंगामाचा पहिला दिवस. नारळ फुटला. काट्यावर कुणी चढेना. मग खाजा आणि मोतीरामने पेटी उचलून काट्यावर ठेवली. काटा थरथरला आणि एकशेअकराच्या किंचित पुढे थांबला.

"मिस्त्री, एवढं कशाला?" मोतीराम म्हणाला. "ट्रॅक्टरला नव्वद पुरलं असतं."

"एकशेबाराचंच केलं होतं," खाजा खजील झाला. "किलोभर कमी कसं पडलं?"

"चपला धरल्या नाहीत तुम्ही," यशोदाबाई म्हणाली. तिने पायातल्या चपला काढल्या, पेटीवर नीट जोडीने ठेवल्या. काटा एकशेबारावर आला.

"काटा बरोबर हाय," मोतीराम म्हणाला. बायका पेट्या भरायला बसल्या. यशोदाबाईने चपला उचलून पुन्हा पायात घातल्या आणि तीही त्यांच्यात जाऊन बसली. माती गार होती.

आठवड्याने पहिला कंटेनर आला. पेटी बंपरवर घट्ट आवळलेली. मोतीरामने ट्रॅक्टर मागे घेतला, काटे पॅलेटखाली सरकवले, दांड्यावर हात ठेवला आणि सवयीने ओरडला, "चिमा, बसलास का?"

इंजिन नुसतं धडधडत राहिलं. शेडमधल्या बायकांचे हात थांबले. मोतीराम दांडा ओढेना. त्याला ओढता येईना. कंटेनरच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला.

यशोदाबाई पेट्यांच्या रांगेतून उठली, पदर खोचत ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि पेटीवर हात ठेवला.

"बसलेत," ती म्हणाली. "उचला."