परवाना बघितलास का?

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. अहो, मागे सरकू नका! माझ्यात काडतूस नाही, आणि दिनकररावांच्या घरी आल्यापासून मी एकदाच बार काढलाय, तोही आभाळाकडे तोंड करून.

माझा जन्म कारखान्यातला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, दोन काळ्याभोर नळ्या, काय तोरा होता माझा! दिनकरराव तेव्हा वनखात्यात होते, तराईच्या जंगलात. एका संध्याकाळी तळावर हत्ती आला आणि माझा आवाज ऐकून मुकाट्याने परत फिरला. एवढीच माझी मर्दुमकी. पण दिनकररावांनी ती दिल्लीतल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवली, आणि दर खेपेला हत्ती थोडा थोडा वाढत गेला.

पुढे आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलो. खंडेनवमीला दिनकररावांच्या पत्नी पद्मजाबाई मला हळदकुंकू वाहायच्या, झेंडूची फुलं ठेवायच्या. निवडणूक आली की मला पोलीस ठाण्यात जमा करावं लागे. परतले की पद्मजाबाई हसून म्हणायच्या, "आली बाई माहेराहून!" किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

मग निवृत्ती आली, नोएडाचा फ्लॅट आला, आणि मी जुन्या चादरीत गुंडाळलेली कपाटात गेले. खंडेनवमीसुद्धा कुणाला आठवेना. यंदा दिनकररावांचे हात थरथरू लागले. "आता ही झेपत नाही, कुणाला तरी देऊन टाकू," ते म्हणाले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्यांचा मुलगा अंशुमन मानेसरला इंजिनिअर आहे. त्याने ऑफिसमधला सुजय गाठला. दिनकररावांनी फोनवर विचारलं, "परवाना बघितलास का?"

"हो बाबा, परवाच बघितला! एकदम मस्त माणूस आहे."

"मग झालं तर," म्हणत दिनकररावांनी समाधानाने फोन ठेवला.

रविवारी दोघं आले. सुजय खरोखरच गोड मुलगा. वाकून नमस्कार केला, चिवड्याची तारीफ केली. मग त्याने मला उचललं, आणि त्याचं बोट थेट चापावर गेलं. माझ्या नळ्या पद्मजाबाईंच्या गुडघ्यांकडे! रिकामी असूनही माझ्या अंगावर काटा आला.

पद्मजाबाईंनी हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. "सुजय, तुझा परवाना दाखव बरं."

"काय काकू?"

"अरे, लायसन्स!"

"ते होऊन जाईल ना काकू, अप्लाय करतोय. पानिपतला आमचा प्लॉट आहे, शेजारी भिंत पुढे सरकवतोय. त्याला ही नुसती दाखवायची आहे."

दिनकरराव मुलावर कडाडले, "परवाना बघितला म्हणालास ना?"

"बाबा, तुम्ही 'परवा ना, बघितलास का?' असं विचारलंत! मी सुजयला परवाच बघितलं होतं!"

पद्मजाबाईंना हसूच आवरेना. दिल्लीत वाढलेल्या लेकाला परवाना म्हणजे लायसन्स, हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं! हसू ओसरल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "परवान्याशिवाय बंदूक द्यायची नाही."

"पण आई यार, ज्याला गुन्हा करायचा तो कुठूनही गावठी कट्टा आणतो," अंशुमन म्हणाला. "हे नियम फक्त शरीफ लोकांना त्रास द्यायला."

"आणि सुजय तर आपलाच माणूस," दिनकरराव पुटपुटले. त्यांना माझ्यापासून सुटका हवी होती. अंशुमनचं म्हणणंही अगदीच पोकळ नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला.

"सुजय शरीफच आहे," पद्मजाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण राग शरीफ माणसालाही येतो. कायदा म्हणतो, घेणाऱ्याकडे परवाना हवा आणि देण्याआधी पोलिसांना लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबायला हवं. तेवढ्या वेळात निदान राग तरी उतरतो. सुजय, त्या भिंतीपलीकडेही माझ्यासारखीच कुणीतरी चहा करत असेल रे."

सुजयने मान खाली घातली. चापावरचं बोट निघालं. "सॉरी काकू," म्हणत त्याने मला सोफ्यावर अलगद ठेवलं, चहा संपवला आणि तो रिकाम्या हातांनी गेला.

दुसऱ्या दिवशी दिनकरराव आणि अंशुमन ठाण्यात जाऊन रीतसर चौकशी करून आले. आता मला ठाण्यातच कायमचं जमा करायचं ठरलं आहे. निघण्याआधी पद्मजाबाईंनी मला तेलाच्या फडक्याने पुसलं आणि खंडेनवमी नसतानाही कुंकू लावलं. "जा बाई, सुखाने जा," म्हणाल्या. या वेळी माहेराहून परत यायचं नाही.

मित्रांनो, मला डोळे नाहीत, मन नाही म्हणतात. मी कुणाच्या हातात जायचं आणि माझं तोंड कुणाकडे वळायचं, हे मला ठरवता येत नाही. तुम्हाला येतं. म्हणून घेणारा कितीही आपला असला, तरी आधी परवाना विचारा. त्याला तो शब्द कळला नाही, तर समजेपर्यंत विचारा.