लाइनवर राहा

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की बूटवाल्याला स्वतःच्या दुकानाची पाटी दिसेना. चाचपडत त्याने कुलूप उघडलं, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. शोधपथकाच्या प्रमुख बोलत होत्या. डोंगराखालच्या जंगलात एक बाई सकाळी फिरायला गेल्या होत्या, त्या अजून परतल्या नव्हत्या. बूटवाल्याने उघडलेलं कुलूप पुन्हा लावलं, दाराला ‘आज दुकान बंद’ असा पुठ्ठा अडकवला आणि तो निघाला. हा पुठ्ठा वर्षातून इतक्यांदा लागायचा की गिऱ्हाइकं आता तो बघून वैतागत नसत. कोण हरवलं असेल बिचारं, एवढंच म्हणत आणि बुटांची पिशवी घेऊन घरी परत जात.

जंगलात हरवलेल्यांना शोधणाऱ्या त्या पथकात सगळे आपापला कामधंदा सांभाळून येणारे होते. प्रमुख एरवी तरणतलावावर पोहायला शिकवायच्या, त्यामुळे त्यांचा आवाज या काठावरून त्या काठाला सहज पोचायचा. सगळे त्यांना ताई म्हणत. एक दंतवैद्य होते. जखमी माणूस सापडला की पाय मोडलेला असला तरी ते सवयीने आधी त्याला ‘आ करा’ म्हणतात, अशी त्यांची थट्टा चालायची. बूटवाला सतरा वर्षं पथकात होता. घरी एकटाच. दुकान आणि पथक, एवढाच त्याचा संसार.

जंगलाच्या फाटकापाशी ताईंनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला होता. शेजारी हरवलेल्या बाईंची भाची उभी होती, घरातल्याच सपाता घालून आलेली. तिने सांगितलं ते असं. मावशी एकाहत्तर वर्षांची. पूर्वी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, बोर्डावर हाताने वायरी खोचून लोकांचे कॉल जोडून द्यायची. रोज साडेपाचला निघते, साडेसातला घरात असते. आता दहा वाजून गेले होते. डोकं शाबूत आहे का, असं ताईंनी हळूच विचारलं, तेव्हा भाची म्हणाली की माझ्यापेक्षा जास्त शाबूत आहे. फोन मात्र टेबलावरच राहिला होता. जन्मभर फोन कानाला लावला, आता फिरताना तरी नको, असं मावशीचं म्हणणं.

ताईंनी कपडे विचारले, मग बूट विचारले. तपकिरी, नाडीचे, जुने पण मजबूत, असं भाची सांगू लागली आणि बूटवाला नकाशा सोडून तिच्याकडे बघू लागला. त्या बाईंचा चेहरा त्याला नीट आठवेना, पण बूट डोळ्यांसमोर उभे राहिले. वर्षातून दोनदा ते त्याच्याकडे यायचे. उजवी टाच नेहमी बाहेरच्या बाजूने झिजलेली. तिथे तो अर्धचंद्राच्या आकाराचं जाड रबर बसवून द्यायचा. असं रबर तो दुसऱ्या कुणालाच लावत नव्हता, कारण दुसरं कुणी त्या गावात इतकं चालतच नव्हतं.

जोड्या पडल्या. बूटवाल्याबरोबर दंतवैद्य आले. एकमेकांचं नारिंगी जाकीट दिसेल एवढंच अंतर ठेवायचं, दर पाच मिनिटांनी सगळ्यांनी एकदम शिटी वाजवायची आणि मग पुरतं एक मिनिट पाऊलही हलवायचं नाही. फक्त ऐकायचं.

आत शिरल्यावर जग दहा पावलांचं झालं. झाडं एकेक करून समोर यायची, क्षणभर ओळखीच्या माणसासारखी उभी राहायची आणि मागे विरून जायची. वर आभाळ होतं की नाही, कळत नव्हतं. पानांवरून थेंब पडायचे ते सुद्धा अंग चोरून पडल्यासारखे. दंतवैद्य मध्येच अगदी जवळ वाटायचे, मध्येच त्यांच्या जाकिटाचा नुसता एक पुसट डाग उरायचा, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. बूटवाल्याला वाटलं, आपण झोपेत चालतो आहोत आणि कुणी हाक मारली तर जागे होऊ. मग शिटी वाजायची. उजवीकडून, डावीकडून, फार लांबून कुठून तरी तिला साथ मिळायची आणि मग ते एक मिनिट. त्या मिनिटात सगळं जंगल कान लावून उभं आहे असं वाटायचं.

तासाभराने एक ओढा लागला. काठच्या चिखलात बूटवाला वाकला आणि तसाच राहिला. टाचेचा ठसा होता, बाहेरच्या बाजूला अर्धा चंद्र. पाऊल पायवाट सोडून खालच्या उताराकडे गेलं होतं. आपल्याच हातचं काम असं मातीत उमटलेलं बघून त्याला आनंद व्हावा की भीती वाटावी, हे समजेना. त्याने वॉकीटॉकीवर ताईंना सांगितलं. ताईंनी दोनच गोष्टी विचारल्या, खात्री आहे का आणि किती खात्री आहे. तो म्हणाला की रबर मीच कापलंय. ताईंनी सगळी रांग उताराकडे वळवली.

पुन्हा शिटी वाजली. पुन्हा सगळे थांबले. आणि त्या मिनिटाच्या अगदी शेवटी बूटवाल्याला ऐकू आलं, “नमस्कार. बोला.”

इतकं हळू, इतकं अदबीने की आपल्याच मनातून आलं असं त्याला वाटलं. दंतवैद्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. तरी तो त्या दिशेने उतरला, पंधरा पावलं, वीस पावलं, आणि पडलेल्या एका झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेल्या बाई त्याला दिसल्या. डावा पाय नको तसा वळला होता. कपडे ओलेचिंब. ओठ निळे पडले होते, पण त्या कुडकुडत नव्हत्या आणि याचीच त्याला जास्त धास्ती वाटली. थंडी पार आत शिरली की अंग कुडकुडायचं सोडून देतं, हे तो शिकला होता. त्यांचे हात मात्र चालू होते. हवेतून काही तरी ओढायचं, दुसरीकडे खोचायचं, पुन्हा ओढायचं.

“सकाळपासून सगळ्या लाइनी वाजताहेत,” त्या म्हणाल्या. “शिटीसारखा आवाज येतो. मी उत्तर देते, पण समोरून कुणी बोलतच नाही.”

तेव्हा बूटवाल्याच्या लक्षात आलं. एवढा वेळ त्या प्रत्येक शिटीला उत्तर देत होत्या. पण तीस वर्षं एका खोलीत, दहा जणींच्या मध्ये बसून काम केलेली बाई ओरडत नाही. शेजारणीला त्रास होऊ नये अशा आवाजातच बोलते.

दंतवैद्यांनी पायाला काठ्यांचा आधार बांधला. दोघांनी मिळून त्यांचं ओलं जाकीट उतरवलं, बूटवाल्याने आपलं कोरडं चढवलं आणि वरून ऊब धरून ठेवणारी चंदेरी चादर गुंडाळली. ताईंना कळवलं. स्ट्रेचर यायला पाऊण तास लागणार होता आणि या धुक्यात कुणी वाट दाखवल्याशिवाय ही जागा सापडणार नव्हती. दंतवैद्य वर गेले. जाताना म्हणाले, त्यांना झोपू देऊ नकोस, बोलत ठेव.

बोलत ठेवायचं म्हणजे काय बोलायचं? बूटवाला त्यांना पाठीमागून धरून बसला, स्वतःच्या अंगाची ऊब मिळावी म्हणून. त्याने हवापाणी विचारलं, भाचीचं विचारलं. बाई हं हं करत होत्या आणि मान कलत चालली होती. हवेतले हातही मंदावले. मग त्याला दुसरं काही सुचेना.

“बाई, माझा एक कॉल लावून द्याल का?”

डोळे लगेच उघडले. “कुठे लावायचाय?”

“माझ्या दादाला.”

हे तोंडातून कसं गेलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. आठ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. बाईंनी नंबर विचारला. तो त्याला तोंडपाठ होता. त्यांनी तो पुन्हा म्हणून खात्री करून घेतली, धुक्यातून एक वायर ओढली आणि दुसऱ्या हाताने अलगद खोचली.

“रिंग जातेय.”

दोघं ऐकत बसले. कुठेतरी एक थेंब पानावर पडला, मग त्याखालच्या पानावर.

“उचलत नाही वाटतं,” बूटवाला म्हणाला.

“काही माणसांना फोनपर्यंत यायला वेळ लागतो. लाइनवर राहा.”

तो राहिला. समोरचं धुकं हलत होतं, त्याच्यामागे कुणी खुर्ची सरकवून उठल्यासारखं. बाईंनी बोट वर केलं आणि म्हणाल्या, “हं. बोला.”

एकाहत्तर वर्षांच्या, अर्धवट शुद्धीतल्या बाईंना जागं ठेवायचं म्हणून चाललेला हा खेळ होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो बोलू लागला.

“दादा, मी बोलतोय. आई गेली त्या दिवशी तुझा निरोप मला दुपारीच मिळाला होता. संध्याकाळी मिळाला असं मी सांगितलं, ते खोटं होतं. निघालो असतो तर पोचलो असतो. आम्ही एका माणसाला शोधत होतो. मी म्हटलं, हा सापडला की निघतो. खरं म्हणजे मला आईला तसं बघायचं नव्हतं. परक्या माणसाला शोधणं सोपं होतं.”

त्या दिवशी शोधलेला तो परका माणूस शेवटी बस स्टँडवर चहा पीत बसलेला सापडला होता. हे मात्र त्याने सांगितलं नाही. दादाने तेव्हा, सगळ्या नातलगांसमोर, एकच वाक्य ऐकवलं होतं, लोकांची माणसं शोधायला तुला बरा वेळ मिळतो. त्या वाक्याचा राग धरून तो आठ वर्षं बसला होता. तेवढा राग हाताशी असला की बाकीच्या गोष्टींकडे बघावं लागत नसे.

“पुढे काय बोलू कळत नाही,” तो बाईंना म्हणाला.

“मग बोलू नका. ते ऐकताहेत.” त्यांचे डोळे मिटलेले होते, पण आवाज स्वच्छ होता. “ऑपरेटरने ऐकायचं नसतं. पण इतक्या वर्षांत मला कळायला लागलंय, कोण ऐकतंय आणि कोणी फोन नुसता धरून ठेवलाय.”

मग त्याने आणखी कॉल मागितले. दुकानात चामडं पुरवणाऱ्याला, शाळेतल्या एका जुन्या मित्राला, हवामान खात्याला. बाईंनी एकेक लावून दिला. हवामान खात्याची लाइन मात्र त्यांना लागेना, ती कधीच लागत नाही असं म्हणाल्या आणि किंचित हसल्या. त्यांच्या खांद्याला कापरं भरलं तेव्हा बूटवाल्याच्या जिवात जीव आला. अंग पुन्हा कुडकुडायला लागलं होतं.

वरून ताईंचा आवाज आला, मग दंतवैद्यांचा, मग पांढऱ्यातून एकामागून एक नारिंगी आकृत्या उतरल्या. सहा जणांनी स्ट्रेचर उचललं. चढावर दर शंभर पावलांना हात बदलले. श्वास तेवढे ऐकू येत होते, आणि बाई मधल्या मध्ये आभाळाकडे तोंड करून हलक्याशा झुलत होत्या, नावेत निजवल्यासारख्या. फाटकापाशी भाचीने त्यांचा हात हातात घेतला आणि ती आधी रागावली, मग रडली.

चौथ्या दिवशी बूटवाला हॉस्पिटलमध्ये गेला. पायात सळई घातली होती, पण बाई उशीला टेकून ताठ बसल्या होत्या. ओढ्यापाशी वाट चुकली आणि पाय घसरला, एवढं त्यांना आठवत होतं. पुढचं सगळं पांढरं. खूप काम होतं आणि आपण ते वेळेत उरकलं, असं मात्र वाटत राहतं, म्हणाल्या. आपण काही वेडंवाकडं बडबडलो का, असंही त्यांनी विचारलं. बूटवाला म्हणाला की नाही, तुम्ही फार कमी बोललात. बोललो मीच.

तिथून तो दुकानात आला. शटर अर्धं खाली ओढून, कामाच्या स्टुलावर बसून त्याने तो नंबर लावला. वहिनींनी उचलला. त्याने नुसतं ‘वहिनी’ म्हटलं आणि त्यांनी आवाज ओळखला. मागे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग दादा आला.

जंगलात एकदा सगळं बोलून झालं होतं, त्यामुळे शब्द शोधावे लागले नाहीत. दुपारचा निरोप, खोटं, भीती, सगळं त्याच क्रमाने त्याने सांगितलं. दादा ऐकत होता.

“त्या दिवशी आईने विचारलं होतं, धाकटा कुठाय,” दादा म्हणाला. “मी सांगितलं, कुणीतरी हरवलंय, त्याला शोधायला गेलाय. तर म्हणाली, सापडू दे बिचारा. मग झोपली. हे मी तुला सांगायला हवं होतं. रागाच्या भरात ठेवून घेतलं आणि मग इतके दिवस झाले की सांगायची लाज वाटायला लागली.”

बूटवाल्याने शटर पूर्ण खाली ओढलं. त्या दिवशी दुकान उघडलंच नाही.

पुढच्या रविवारी दादा आणि वहिनी बसने आले. दादाचे केस पार पांढरे झाले होते आणि गुडघे धरले होते. पायरीवरून उतरताना त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, की तू बारीक झालास. वहिनी म्हणाल्या, रस्त्यातच उभे राहणार आहात का दोघं? लख्ख ऊन पडलं होतं. घर दहा मिनिटांवर होतं, पण दादाला चालवेना, म्हणून ते वाटेत दोनदा थांबले.