डॉक्टरच्या मांडीवरचं डोकं

दातांच्या निलोफर डॉक्टरची पद्धत अशी की पोरगं खुर्चीत बसत नसेल तर खुर्चीचा नादच सोडायचा. समोरासमोर दोन स्टुलं, गुडघ्याला गुडघे भिडवून एकावर आई, दुसऱ्यावर डॉक्टर. पोराला मधे आडवं निजवायचं. पाय आईकडे, डोकं डॉक्टरच्या मांडीवर.

मंदाबाईला पद्धत समजली. वाटणी पटली नाही.

तिचा योगराज सात वर्षांचा. बोलत नाही, अंगाला हात लावू देत नाही, घास घेतो तो आईच्याच हातचा. सासू, जाऊ, सगळ्यांनी प्रयत्न करून बोटं चाववून घेतली होती. "माह्याशिवाय पाणी बी पेत नाही तो," हे मंदाबाई तक्रार म्हणून सांगायची, पण सांगताना मान जरा ताठ व्हायची. घरची केळीची बाग. रात्री दुधात कुस्करलेलं केळं, वर साखर, हे ती भरवायची तेव्हाच तो झोपायचा, शेवटचा घास गालात तसाच धरून. त्यानेच दाढा किडल्या, असं डॉक्टरने गोड आवाजात सांगितलं. आवाज गोड होता म्हणून जास्त लागलं.

मेहरूण भागातल्या तिच्या दवाखान्यात पहिल्या खेपेला डॉक्टरने नुसता आरसा त्याच्या नखाला टेकवला. पुढच्या खेपेला गालाला, मग ओठाला. निघताना योगराजने डॉक्टरच्या ओढणीचा काठ बोटांत धरला. मंदाबाईने तो सोडवला, गरजेपेक्षा जरा जोरात.

त्यानंतर तिला वेळच मिळेना. बाग कापणीला आली, असं तिने नवऱ्याला सांगितलं.

"केळीचे घड तू कापशीन का?" लीलाधरने विचारलं. ती भांडी आपटत राहिली.

मग योगराजने तिच्याही हातचा घास सोडला. स्वतःच्या गालावर चापट्या मारायला लागला. तेव्हा ती मुकाट्याने बसमध्ये बसली.

आज त्याने तोंड उघडलं नाही, तर मोठ्या दवाखान्यात पूर्ण भूल देऊन दाढा काढाव्या लागतील, डॉक्टर म्हणाली. मंदाबाईने देवाला हात जोडले. उघडू दे. आणि लगेच मनात आलं, पण हिच्यासाठी नको.

त्याने उघडलं. डॉक्टर हलक्या आवाजात काहीबाही बोलत होती आणि चमच्यासारख्या बारक्या हत्याराने कीड खरवडत होती. योगराज तिच्या उलट्या दिसणाऱ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. पाय आपल्या हातात आहेत म्हणून शांत आहे, मंदाबाईने स्वतःला समजावलं. मग तिला ते पाहायचंच होतं. तिने हात हळूच उचलले.

पाय हलले नाहीत. उलट बोटं सैल पडली, झोपेत पडतात तशी.

ती वाट बघत राहिली. एकदा तरी मान वळवेल, शोधेल. तो बघतच होता, वर, तिकडे.

"ताई, पाय धरलेत ना?" डॉक्टरने नजर न उचलता विचारलं.

"हो," म्हणत मंदाबाईने ते पुन्हा धरले. योगराजने एक पाय जरासा आखडला, मग राहू दिला.

दाढ भरून झाली. आणखी दोन बाकी होत्या. सवडीने या, डॉक्टर म्हणाली, घाई नाही, आता तो ओळखतो मला.

मंदाबाई त्याच्या चपलेचा पट्टा लावत होती. पट्टा नीट बसला होता, तरी तिने काढून परत लावला.

"उद्याच येते," ती म्हणाली. "लवकर आटपा, अन् माह्या पोराले मोकळं करा."

डॉक्टर हसली. तिला तो विनोद वाटला.