राजीनामा

नीलकंठराव पोहनकरांनी ओल्या फडक्याने रायपूरच्या आपल्या घराच्या गॅलरीतले टेबल पुन्हा एकदा पुसले. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारपर्यंत काळी भुकटी बसतच असे. वारा सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून असला की जास्तच. मग त्यांनी तिन्ही माहितीपत्रके शेजारी शेजारी मांडली. उडू नयेत म्हणून एकावर चष्म्याचे घर ठेवले, दुसऱ्यावर पाण्याचा तांब्या. तिसऱ्यावर काय ठेवावे ते सुचेना, तेव्हा त्यावर तळहात दाबून ते बसून राहिले.

रविवार होता. ज्ञानदा न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून बाहेर आली.

"बस जरा," ते म्हणाले. "मी हे नीट वाचलं आहे."

"सगळं?"

"सगळं. हे पाह्य, हे नागपूरचं. एम.बी.ए., दोन वर्षं, पूर्ण वेळ. विद्यापीठाची पदवी. हे दुसरं पी.जी.डी.एम. ही पदविका. संस्था आपली आपण देते, विद्यापीठाचा संबंध नाही. म्हणजे वाईट नाही हो. अभ्यासक्रम त्यांना लवकर बदलता येतो, असं लिहिलं आहे. पण पदविका ती पदविका."

"पापा, मार्केट में कोई नहीं पूछता कि डिग्री है कि डिप्लोमा," आतून पराग म्हणाला. "पैकेज पूछते हैं।"

"तू मधात नको बोलू," रमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुझं बी.कॉम. तर निघू दे आधी."

ज्ञानदा हसली. मग तिने वडिलांचा हात हळूच बाजूला केला आणि त्याखालचे तिसरे माहितीपत्रक उचलले.

"अन् हे?"

"ते एक्झिक्युटिव्ह. शनिवार-रविवारचं. नोकरीवाल्यांसाठी." नीलकंठरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "आहे एम.बी.ए.च. पण शिकणं कसं, त्यात बुडून जावं लागते. आठवडाभर कारखान्यात अन् रविवारी वर्गात, हे काही..."

"मले तेच करायचं आहे, बाबा."

"काहून पण?"

"तुम्हाले माहीत आहे काहून."

त्यांना माहीत होते. सिलतऱ्याच्या ज्या स्टील कंपनीत ज्ञानदा नोकरी करत होती, तिथल्या डिस्पॅचच्या मोठ्या साहेबाविरुद्ध तिने तक्रार केली होती. कंपनीची कमिटी बसली होती. तक्रार कशाची, ते तिने आईला सांगितले होते. रमाबाईंनी त्यातले अर्धे नवऱ्याला सांगितले: ऑफिसच्या गाडीतून परतताना, एवढे. उरलेले अर्धे नीलकंठरावांनी विचारले नाही. आयुष्यभर पुस्तके वाचलेल्या या माणसाला तो प्रश्न विचारायला एक धड वाक्य जुळवता आले नव्हते.

"एक्झिक्युटिव्हले चालू नोकरी लागते," ज्ञानदा शांतपणे म्हणाली. "म्हणजे नोकरीही राहते, शिकणंही होते. मी निघून गेली की कमिटीले काय, तेच पाहिजे. पोरगीच नाही तर चौकशी कोणाची करता."

"पण तिथं रोज जायचं म्हणजे... तुले भीती नाही वाटत?"

"वाटते ना."

तिने माहितीपत्रक दुमडून घेतले आणि ती आत गेली. नीलकंठराव नागपूरच्या पत्रकाकडे पाहत राहिले. त्यावर हिरवळीवर बसलेल्या मुलींचे चित्र होते. नागपूरला रमाबाईंची बहीण होती, वसतिगृह होते, आणि सिलतरा तिथून फार लांब होते. हे सगळे त्यांना मुलीला सांगायचे होते. नोकरी सोड, एवढे दोनच शब्द. त्याऐवजी ते पदवी आणि पदविका यांतला फरक सांगत बसले.

आठवड्याच्या मधल्या एका दुपारी बेल वाजली. रमाबाई गोल बाजारात गेल्या होत्या, ज्ञानदा कामावर होती. दारात पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी वाकून नीलकंठरावांच्या पायांना हात लावला.

"दुबे, अंकल जी। बिटिया के ऑफिस से। पर्सोनेल विभाग देखता हूँ।"

नीलकंठराव गडबडले. पाणी आणायला आत गेले, पेला सापडेना म्हणून फुलपात्र घेऊन आले. दुबेजींनी ते दोन्ही हातांनी घेतले. भिंतीवरच्या पुस्तकांच्या फळ्या त्यांनी मान वर करून पाहिल्या.

"इतना सब पढ़ा है आपने?"

"पढ़ा क्या... ऐसे ही. रखा है."

"तभी बिटिया इतनी होशियार है। सुना है एमबीए करना चाहती है?"

नीलकंठरावांना हे बाहेरचे कोणी विचारील असे वाटले नव्हते. त्यांनी सुरुवातीला दोन वाक्ये सांगितली. दुबेजी पुढे सरकून बसले, तेव्हा आणखी दोन. मग पूर्ण वेळ आणि शनिवार-रविवार, विद्यापीठ आणि स्वायत्त संस्था, सगळेच आले. त्यांची हिंदी मध्येच मराठीत घसरत होती, क्रियापदे चुकत होती, आणि दुबेजी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

"वाह अंकल जी। आप तो प्रोफेसर निकले।"

"नहीं नहीं. रेल्वे में था मैं. ऑफिस में."

"तो आपकी राय में फुल-टाइम वाला अच्छा है।"

"मेरा तो वही कहना है. पर लड़की सुनती नहीं."

"सुनेगी। आप बड़े हैं।" दुबेजींनी फुलपात्र खाली ठेवले. त्यांचा आवाज खाली आला. "देखिए अंकल जी, बिटिया हमारी भी है। पूरी ज़िंदगी पड़ी है उसकी। बात जितनी खिंचेगी, बदनामी लड़की की ही होगी, दुनिया ऐसी ही है। बस एक राज़ीनामा हो जाए। फिर वो आराम से पढ़े, जहाँ पढ़ना चाहे।"

राजीनामा. इतके दिवस जो शब्द नीलकंठरावांच्या ओठांपर्यंत येऊन परत जात होता, तो या परक्या माणसाने पाणी पिऊन झाल्यावर सहज उच्चारला. त्यांना एकदम हलके वाटले. म्हणजे आपण म्हणतो ते अगदीच चूक नव्हते. कंपनीतल्या जाणत्या माणसालाही तेच वाटते.

"दे देगी," ते म्हणाले.

दुबेजींनी मान वर केली. "दे देगी?"

"राजीनामा दे देगी. मैं बोलता हूँ उसको. मेरी तरफ से पक्का समझिए."

"बस," दुबेजी उठले. पुन्हा वाकले. "आपका कहा काफ़ी है।"

त्या संध्याकाळी ज्ञानदा जेवायला बसली तेव्हा नीलकंठरावांनी घसा खाकरला.

"ज्ञानू."

"काय बाबा?"

"भाजी तिखट झाली का?"

"नाही तर."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी ठरवले होते. पण ती फोनवर कोणाशी तरी बोलत होती. कंपनीच्या धरमकाट्यावर, ट्रकांचे वजन जिथे होते तिथे, दुलेश्वरी नावाची एक मुलगी कामाला होती. तो प्रकार झाला त्या दिवशी ऑफिसच्या गाडीत साहेब आणि ज्ञानदाखेरीज ती एकटीच होती. "घबराना मत," ज्ञानदा तिला हिंदीत समजावत होती. "जितना देखा, उतना ही बोलना।" नीलकंठरावांनी पुस्तक उघडले आणि त्यातली एकही ओळ न वाचता पान उलटले. आपण दुबेजींना जे सांगितले ते मुलीच्या कानावर घालायला योग्य वेळ यावी लागेल, असे त्यांनी स्वतःला बजावले. ती वेळ आली नाही.

कमिटीच्या दिवशी ज्ञानदा भर दुपारी ऑटोने घरी आली. चपला न काढताच आत येऊन दिवाणावर बसली. रमाबाईंनी तिच्यासमोर पाणी धरले, ते तिने घेतले नाही.

"बाबा, दुबे घरी आले होते?"

"हो."

"कधी?" रमाबाईंनी विचारले.

"तू बाजारात गेली होती तेव्हा. चांगला माणूस आहे. पाया पडला." नीलकंठरावांनी पुस्तकात बोट घालून ते मिटले. "मी सांगणारच होतो."

"तुम्ही त्याले काय म्हटलं?"

"काही नाही. शिक्षणाचंच बोलणं निघालं. मग तो म्हणाला राजीनामा होऊन जाऊ दे. मी म्हटलं, देईल."

"कोणाचा राजीनामा?" रमाबाई म्हणाल्या.

ज्ञानदाने डोळे मिटले. ती बोलली तेव्हा तिचा आवाज एखाद्या लहान मुलाला शिकवावे तसा होता.

"हिंदीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं नाही, बाबा. ते इस्तीफा. राजीनामा म्हणजे समझौता. पोलीस ठाण्यात, कोर्टात करतात तो. आमचं आपसात मिटलं, आता आमची काही तक्रार नाही."

नीलकंठरावांचा जन्म यवतमाळचा असला तरी त्यांची सगळी नोकरी रायपुरात झाली होती. पण ऑफिसात लोक इस्तीफा देत, कागदावर त्यागपत्र लिहीत, आणि ठाण्याची किंवा कोर्टाची पायरी चढायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता.

"दुबेनं सगळ्यांसमोर सांगितलं," ज्ञानदा म्हणाली. "पिताजी राज़ीनामे को तैयार हैं, मैं खुद घर जाकर आया हूँ, बच्ची ही ज़िद पकड़े बैठी है. कमिटीच्या मॅडमनं मले विचारलं, घर में बात नहीं हुई क्या. मी काय सांगू? मले माहीतच नाही."

"अन् ती पोट्टी? दुलेश्वरी?" रमाबाईंनी विचारले.

"ती उठून उभी राहिली. म्हणाली, तोर बाबू मान गे हे दीदी, त मोला काबर फंसाथस. तुझा बापच मानला, तर मले कशाले गुंतवतेस. काही दिसलं नाही, असं सांगून गेली." ज्ञानदाने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले. "तिचं चूक नाही. तिचा बाप तिथंच गेटवर गार्ड आहे."

नीलकंठराव उठले. टेबलावरचा मोबाईल त्यांनी उचलला, पण नंबर कोणाचा लावायचा ते त्यांना कळेना.

"मी सांगतो त्याले. गैरसमज झाला म्हणतो. त्या शब्दाचा घोटाळा आहे हा. मराठीत आपण..."

"काय सांगाल?"

"हेच की मी तडजोडीले हो म्हटलं नव्हतं. मले वाटलं, तू नोकरी सोडून नागपूरले जाशील, त्याचंच तो बोलून राहिला."

"मी सोडणार नाही म्हटलं होतं."

"हो, पण..."

"रविवारी म्हटलं होतं. इथंच."

रमाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले नाही.

"तुम्हाले एवढे फरक समजतात, बाबा," ज्ञानदा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून ते ऐकणे जास्त कठीण होते. "पदवी अन् पदविकेतला समजते. मग सांगा ना. मी समझौता केला असं तुम्ही म्हटलं काय, अन् मी नोकरी सोडते असं म्हटलं काय, माझ्यासाठी यात फरक काय होता?"

नीलकंठरावांच्या हातातला मोबाईल आपोआप विझला. त्यांनी तो हलकेच खाली ठेवला, जणू कोणी झोपले आहे.

तक्रार बंद झाली. डिस्पॅचचे साहेब आपल्या खुर्चीत राहिले. ज्ञानदाला स्टोअरच्या मागच्या खोलीत टेबल मिळाले, तिथे ती काही दिवस गेली आणि मग जाईनाशी झाली. घरात त्या गोष्टीला कोणी नाव दिले नाही. शेजारच्या मीराबाईंना रमाबाईंनी सांगितले, सुट्टी घेतली आहे तिनं. पराग मित्राला फोनवर म्हणाला, दीदी ने जॉब छोड़ दी. नीलकंठराव सकाळी पेपर वाचत, टेबल पुसत, आणि जेवताना हवे ते न मागता जे वाढले असेल ते खात. मुलगी त्यांच्याशी भांडली नाही. त्यांच्या औषधाच्या गोळ्या आणून देई, चष्मा सापडेना झाला तर शोधून देई.

एका सकाळी ते गॅलरीत बसले असता मागून हाक आली.

"पापा."

परागच असेल असे समजून त्यांनी मान वळवली नाही. "कपाटाची किल्ली तुझ्या आईजवळ आहे," ते म्हणाले.

"पापा, आपसे पूछना था।"

त्यांनी वळून पाहिले. ज्ञानदा उभी होती. तिच्या हातात लॅपटॉप होता, तो तिने टेबलावर ठेवून उघडला.

"एक्ज़ीक्यूटिव तो अब होगा नहीं। फुल-टाइम में दोनों जगह नाम आ गया है। एमबीए और पीजीडीएम का फ़र्क एक बार और बता दीजिए। आपने तो सब पढ़ रखा है।"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते तिच्या चेहऱ्यावर तो शोधत राहिले, पण तिथे खरोखरच एक साधा प्रश्न होता. एखाद्या ओळखीच्या मोठ्या माणसाला विचारावा तसा, अदबीचा. आत पोळ्या लाटण्याचा आवाज थांबला.

नीलकंठरावांना सगळे पाठ होते. विद्यापीठ, स्वायत्तता, मान्यता, कोणती पदवी पुढे पीएच.डी.ला चालते आणि कोणत्या पदविकेला आधी समकक्षता मागावी लागते. मराठीत सांगायला त्यांनी तोंड उघडले आणि ते थांबले. मग हिंदीतला एकेक शब्द त्यांनी मनात उलटसुलट करून पाहिला, याचा दुसरा काही अर्थ तर होत नाही ना, म्हणून. लॅपटॉपचा पडदा मंद झाला, ज्ञानदाने बोट लावून तो पुन्हा उजळला.

"जो आपको ठीक लगे," ते म्हणाले.

"जी," ज्ञानदा म्हणाली, आणि तिने फॉर्म भरायला घेतला.